नर्सबाई नवऱ्याला बाहेर का बसवतात?



लागण, पाणी, खताचा हप्ता आणि रिकव्हरी यांवर या पानांत नेहमीच लिहिले जाते. आजचा विषय घरातला आहे, पण तो तुमच्या-आमच्या उंबऱ्यापासून लांब नाही.

पोटुशी सून उपकेंद्रात नेली, की नर्सबाई म्हणतात, "तुम्ही जरा बाहेर थांबा." सासूबाई फुगतात, नवऱ्याच्या कपाळाला आठ्या पडतात. आम्हालाही पूर्वी यात मानापमान वाटायचा, हे कबूल करतो. पण ज्याचा मार खायचा त्याच्यासमोरच मार सांगायचा कसा? म्हणून वजन करायचे, लघवी तपासायची, असे काही निमित्त काढून बाईला घटकाभर एकटे गाठावे लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या विवाहित बायकांपैकी शंभरात सुमारे २९ जणींनी नवऱ्याकडून मारहाण किंवा जबरदस्ती झाल्याचे सांगितले. न सांगणाऱ्या वेगळ्याच.

जाणत्या सुईणीला खुणा कळतात. पडले म्हणते, पण वळ मात्र पाठीवर आणि दंडाच्या आतल्या बाजूला. पोटावर, छातीवर मुका मार. गळा दाबलेला असेल तर आवाज बसलेला. नाव उशिरा नोंदवलेले, तपासणीच्या तारखा चुकलेल्या, आणि विचारावे हिला तर उत्तर देतो नवरा. गरोदरपणातल्या माराने गर्भ पडू शकतो, दिवस भरण्याआधी बाळंतपण होऊ शकते, मूल कमी वजनाचे निपजते. फवारणीचे औषध पोटात गेलेली बाई दवाखान्यात येते तेव्हा केसपेपरवर "चुकून घेतले" एवढेच लिहून मोकळे होण्याची रीत आहे. ती रीत वाईट. का घेतले, हे शुद्धीवर आल्यावर हळूच विचारायला हवे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली याबाबत मार्गदर्शन केले. त्याचा गाभा सोपा आहे: ऐकून घ्या, काय हवे ते विचारा, तिच्यावर विश्वास ठेवा, जिवाला धोका किती ते पाहा, पुढची मदत जोडून द्या. "ताई, घरी कुणी अंगावर हात टाकतं का?" असे सरळ विचारावे. नणंदेला किंवा पोरीला मध्ये बोलायला घेऊ नये. "तू काय केलंस?" हा प्रश्न तर नकोच. आणि नवऱ्याला तिथेच बोलावून समजूत घालण्याचा आपला गावठी उपाय अंगलट येतो. दवाखान्यात तो मान डोलावतो, त्याचा वचपा घरी निघतो.

नोंद कुठे करायची, यातही शहाणपण आहे. दवाखान्याच्या केसपेपरवर तिच्याच शब्दांत, कुणी, कशाने, कुठे मारले ते लिहावे. माता-बाल कार्डावर मात्र नको. ते कार्ड घरी जाते, आणि सगळे ते वाचतात.

कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ सालचा, अंमल २६ ऑक्टोबर २००६ पासून. त्यात मारहाणीबरोबर शिवीगाळ येते, आणि घरखर्चाला पैसा न देणेही येते. उसाचे बिल खात्यावर पडले आणि गुत्त्यात गेले, घरात मिठाला पैसा नाही, याचा विचार ज्याने-त्याने करावा. या कायद्याखाली मदत मागणाऱ्या बाईला दवाखाना उपचार नाकारू शकत नाही. पोलिसांत तक्रार नाही, या सबबीवरही नाही. दवाखान्याने घटनेचा अहवाल भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे धाडायचा आणि वैद्यकीय अहवालाची प्रत बाईला फुकट द्यायची. सद्‌भावनेने माहिती कळवणाऱ्या शेजाऱ्यावरही दावा चालत नाही.

हे कागदावरचेच नव्हे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत या संस्थेने २००० च्या सुमारास 'दिलासा' केंद्र सुरू केले. जखमेवर पट्टी बांधणाऱ्या दवाखान्यातच बाईला सल्ला आणि आधार मिळू लागला. पुढे इतर रुग्णालयांतही अशी केंद्रे निघाली.

आपल्याकडे फडावरच्या तोडणीवाल्या बायकांची गत आणखी बिकट. माहेर लांब, कोयता नवरा-बायकोचा मिळून एक, आणि हिशेब मुकादमाकडे नवऱ्याच्या नावाने. टोळी तुमच्या शेतात उतरली, की आशाताईला कोपीपर्यंतची वाट दाखवा, आणि त्या बाईशी बोलत असताना तिथे घोटाळू नका.

महिला हेल्पलाईनचा नंबर १८१, पोलिसांचा ११२. नंबरची चिठ्ठी पिशवीत देऊ नये, ती सापडते. तोंडपाठ करून घ्यावा.