मुलांकडून शिकू या

लहान मुलांना आपण पुष्कळ शिकवतो. चालायला शिकवतो, बोलायला शिकवतो. पण मुलंही मोठ्या माणसांना काही शिकवतात. आपलं तिकडं ध्यान नसतं, एवढंच.

बाजारातून आणलेलं खेळणं दोन दिवसांत बाजूला पडतं. मूल चिंचोके घेऊन अंगणात बसतं. रास करतं, मोडतं, पुन्हा करतं. वस्तू किती रुपयांची, हे त्याला ठाऊक नसतं. तिच्याशी खेळता येतं की नाही, एवढंच ते बघतं.

ही गोष्ट ताराबाई मोडक यांनी नीट ओळखली. १९४५ साली त्यांनी बोर्डी या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. बोर्डी आज पालघर जिल्ह्यात आहे. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. शहरातल्या बालशाळांत महागडी साधनं असत. खेड्यात ती कुठून आणायची? मग शंख-शिंपले, खडे, पानं, फुलं, बिया जमवल्या. त्यांवर मुलं मोजायला शिकली, रंग ओळखायला शिकली. मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात भरू लागली. तीच अंगणवाडी. १९५७ साली हे काम जवळच्या कोसबाडला गेलं. पुढं २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची बालविकास योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांचं नावही अंगणवाडीच आहे.

जवळ आहे त्यातून मुलांनी आनंद घेतला आणि विद्याही घेतली. आपण मोठी माणसं काय करतो? शेजाऱ्यानं लग्नात मोठा मांडव घातला, म्हणून आपणही कर्ज काढून घालतो. मांडव दोन दिवसांत उतरतो. कर्ज मात्र वर्षानुवर्षं उतरत नाही.

आम्ही वर्गात हा विषय काढला, की कोणीतरी विचारतंच, "म्हणजे आहे त्यात गप्प बसायचं का? मजुरी कमी मिळाली तरी बोलायचं नाही?"

नाही, तसं नाही. भुकेलं मूल गप्प बसतं का? सारं घर डोक्यावर घेतं. पोट भरलं, की हसतं. वर आणखी एक घास भरवू लागलो, तर तोंड फिरवतं. पुरे म्हणजे पुरे! आपणही तसंच करावं. गरजेचं आहे ते हक्कानं मागावं. मिळालं, की पुरे म्हणावं. समाधान म्हणतात ते हेच. अन्याय सोसणं म्हणजे समाधान नव्हे.

मुलं काही देव नव्हेत. तीही भांडतात, हट्ट करतात. पण सकाळी भांडलेली दोघं दुपारी एकाच झाडाखाली खेळतात. आणि बांधाच्या वादावरून सख्खे भाऊ दहा-दहा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत!

आणखी एक गोष्ट बघा. लहान मुलाला 'आभार' हा शब्द येत नाही. पण हातातला भाकरीचा तुकडा ते आईच्या तोंडाशी नेतं. तिनं खाल्ला, की टाळ्या पिटतं. आपल्याला शब्द येतो, पण तो घरात वापरत नाही. पहाटे उठून भाकरी थापणाऱ्या घरधनिणीला कधी म्हणतो का, "भाकरी छान झाली"? उन्हात राबून आलेल्या धन्याला कोणी म्हणतं का, "आज फार दमलात"? म्हणायला पैसा लागत नाही. कष्ट मात्र हलके होतात.

तर आज घरी गेल्यावर एवढं करा. मूल खेळत असेल, तर घटकाभर त्याच्याजवळ बसा. त्याला काही शिकवू नका. नुसतं बघा. मग जेवायला बसाल, तेव्हा ज्यानं धान्य पिकवलं आणि जिनं ते रांधलं, त्यांची आठवण करा. ती माणसं घरातच असतील, तर त्यांना दोन गोड शब्द बोला.