हसण्याआधी तीन सेकंद

फर्स्ट इयरची गोष्ट. व्हायवाच्या आदल्या रात्री माझ्या रूममेटने मला ट्रान्सफॉर्मरचा कोअर अखंड लोखंडाचा न करता पातळ पत्र्यांचा का करतात, ते मराठीतून झकास समजावलं. दुसऱ्या दिवशी त्याला नेमकं तेच विचारलं, इंग्लिशमध्ये. तो अडखळला आणि म्हणाला, "सर, आय डिड नॉट अंडरस्टुड." सगळ्यात आधी हसलो तो मी. नंतर तो त्या व्हायवात बोललाच नाही.

मी कॉन्व्हेंटचा, त्यामुळे ही चूक मला विनोदी वाटली होती. पण मित्रहो, जरा बघा. 'समजलं नाही' म्हणताना आपण भूतकाळ 'समजलं'मध्ये ठेवतो आणि पुढे नुसतं 'नाही' जोडतो. इंग्लिशमध्ये भूतकाळ 'डिड' उचलतं आणि क्रियापद मूळ रूपात राहतं. म्हणजे त्याची चूक मराठीच्या हिशेबाने तर्काला धरून होती!

पुढे आम्ही पाच-सहा जण रोज जेवणानंतर मेसमध्येच इंग्लिश बोलायला बसू लागलो. त्यातून उपयोगी पडलेल्या या चार गोष्टी.

१) थांबा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात आणि गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. आमच्या मित्राला तर डोक्यात भाषांतरही करायचं असतं!

२) आधी जोडीत बोलू द्या. एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग सगळ्यांसमोर. फ्रँक लायमन यांनी १९८१मध्ये मांडलेली ही 'थिंक-पेअर-शेअर' पद्धत. जोडीतली चर्चा मराठीत झाली तरी बिघडत नाही.

३) वाक्याचा साचा द्या. 'इफ अमुक इन्क्रीझेस, तमुक डिक्रीझेस' हा एक साचा फळ्यावर लिहिला, की त्यात ओहमचा नियमही बसतो आणि बॉइलचाही. पोराला फक्त रिकाम्या जागा भरायच्या.

४) मध्येच तोडू नका. वाक्य पूर्ण होऊ द्या, मग तेच बरोबर करून सहज म्हणा: "ओके, यू डिड नॉट अंडरस्टँड. लेट मी रिपीट." चूकही कळते आणि चारचौघांत मानही राहतो.

यातल्या एकाही गोष्टीला लँग्वेज लॅब लागत नाही. सरांना आणि मॅडमना विनंती एवढीच, की व्हायवात ते तीन सेकंद द्या. आणि माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांनो, त्या तीन सेकंदांत हसू नका. समोरच्याला विषय येत असतो, अडलेलं असतं ते फक्त वाक्य.

रूममेट आता व्हायवात बोलतो. अजून चुकतो, पण थांबत नाही. आणि मी? सबमिशनच्या आदल्या रात्री अजूनही त्याच्याकडूनच समजून घेतो, मराठीत!