दीवचा पाशा

दीवच्या १५३८च्या वेढ्यावर पोर्तुगीज इतिहासकारांनी हात राखून लिहिलेलं नाही. किल्लेदार अंतोनियो द सिल्वेरा, तटावर दगडमाती वाहणाऱ्या इझाबेल द व्हेगा आणि आना फर्नांदिश, आणि समोर ऑटोमन सेनापती खादिम सुलेमान पाशा. वय ऐंशीच्या घरात, देह असा की उठवायला माणसं लागायची. स्वभाव क्रूर, डोकं मंद. चित्र शत्रूनं काढलेलं आहे. तरी ते इतकं टिकलं, की हाच गृहस्थ तीन वर्षांनी साम्राज्याचा मुख्य वजीर कसा झाला, हे विचारायचं बहुतेकांच्या मनातच आलं नाही.

सुलेमान पाशा राजवाड्याच्या चाकरीतून वर आलेला खोजा. १५२५मध्ये तेव्हाचा मुख्य वजीर इब्राहिम पाशानं मिसरची, म्हणजे इजिप्तची, घडी बसवली आणि सुभा याच्या हाती दिला. पुढची दहा वर्षं त्यानं तो सांभाळला. कैरोच्या बालेकिल्ल्यात त्यानं १५२८मध्ये बांधलेली मशीद ही मिसरमधली पहिली ऑटोमन मशीद. सुएझला आरमार उभारणं हेही त्याचंच काम. फेब्रुवारी १५३७मध्ये गुजरातचा बहादूरशहा दीवच्या समुद्रात पोर्तुगीजांच्या हातून मारला गेला आणि त्या आरमाराला निमित्त मिळालं.

या मोहिमेचा सगळ्यात भरवशाचा साक्षीदार ना तुर्क, ना पोर्तुगीज. तो आहे व्हेनिसचा एक तांडेल. त्याचं नावसुद्धा आपल्यापर्यंत पोचलेलं नाही. १५३७मध्ये सुलतानाचं व्हेनिसशी युद्ध सुरू झालं, तेव्हा अलेक्झांड्रियात अडकलेल्या व्हेनिशियन खलाशांना धरून सुएझला नेलं आणि पाशाच्या जहाजांवर कामाला जुंपलं. या पठ्ठ्यानं रोजनिशी ठेवली. आज किती मैल काटले, वारा कुठला, पाणी किती खोल, मुक्काम कुठे. सुएझबद्दल तो लिहितो की ही उजाड जागा आहे, गवताची काडी उगवत नाही. वीरश्री शून्य, म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसतो. १५४३मध्ये ही रोजनिशी व्हेनिसमध्ये आल्दुसच्या मुलांच्या छापखान्यातून बाहेर पडली, तेव्हा तिच्यातला पाशा इस्तंबूलमध्ये मुख्य वजिराच्या गादीवर बसलेला होता!

जून १५३८मध्ये सत्तरच्या वर जहाजं सुएझहून निघाली. ऑगस्टच्या सुरुवातीला आरमार एडनला लागलं. तिथला अमीर आमिर बिन दाऊद पाशाच्या बोलावण्यावरून पाहुणा म्हणून जहाजावर आला. पाशानं त्याला डोलकाठीच्या परबाणाला फाशी दिलं, त्याच्या काही माणसांसकट. तांडेल हे त्याच कोरड्या सुरात नोंदवतो आणि पुढे चालू लागतो.

पाशाच्या दीवमधल्या पराभवाची कारणं शोधणारे तोफा आणि तटबंद्या मोजत बसतात. खरं कारण या नोंदीत आहे. एडनची बातमी गुजरातच्या किनाऱ्याला लागायला किती वेळ लागणार? हिंदी महासागरात बातम्या जहाजांबरोबरच फिरत. ४ सप्टेंबरला पाशा दीवला पोचला, तेव्हा गुजरातचा सरदार ख्वाजा सफर आधीपासून सैन्य घेऊन किल्ल्याला भिडलेला होता. तुर्की शिपायांनी उतरल्या उतरल्या शहर लुटलं, तेही दोस्तांचंच. मग खाडीपलीकडच्या गढीतला फ्रान्सिश्कु पाशेकु अभयाच्या वचनावर शरण आला, आणि पाशानं त्याच्या माणसांना वल्ह्यांना जुंपलं. याच पाशेकुकडून सिल्वेराला शरण येण्याबद्दल पत्र लिहवून घेण्यात आलं. सिल्वेरानं त्याला खरमरीत उत्तर धाडलं. शब्द कसा पाळला जातो हे त्याला तटावरूनच दिसत होतं.

अहमदाबादच्या सरदारांनाही ते दिसत होतं. पोर्तुगीज जाऊन हा बसणार असेल, तर आपल्या पदरात काय? रसद आटली. पोर्तुगीज आरमार येत असल्याची हूल ख्वाजा सफरनंच पाशाच्या कानी घातली, असं पोर्तुगीज इतिहासकार सांगतात. ही हकीकत खोटी मानायचं कारण दिसत नाही. यजमानाला पाहुणा नकोसा झालाच होता. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पाशानं नांगर उचलले. त्या वेळी किल्ल्यात लढण्याजोगी जेमतेम चाळीसेक माणसं उरली होती.

एवढी नामुष्की होऊनही पाशाच्या केसाला धक्का लागला नाही. परतताना त्यानं येमेन घशात घातलं, एडन हाती होतंच. इस्तंबूलच्या हिशोबात तांबड्या समुद्राचं दार बंद झालं, हे पुरेसं होतं. १५४१मध्ये लुत्फी पाशा पदावरून गेला आणि मुख्य वजिरी सुलेमान पाशाकडे आली.

त्याला बुडवलं ते एका जुन्या वैऱ्यानं. १५३५ ते १५३७ या काळात मिसरवर सुलेमानच्या जागी हुस्रेव पाशा होता. त्यानं इस्तंबूलला नेहमीपेक्षा जास्त वसूल पाठवला. सुलतानाला आनंद व्हायच्या ऐवजी संशय आला, की हा रयतेला पिळतोय. हुस्रेवनं कालवे आणि वाढलेली जकात दाखवली. तरी त्याला हलवून सुभा पुन्हा सुलेमानला मिळाला. पण वाढलेल्या वसुलाचा दुसराही अर्थ निघतो: मग आधीची दहा वर्षं बाकीचा पैसा कुठे जात होता? १५४४मध्ये दोघं एकाच दिवाणात बसत होते, एक मुख्य वजीर, दुसरा त्याच्या खालचा. भर दिवाणात बाचाबाची झाली आणि खंजीर उपसले गेले. या भांडणाची मुळं मिसरच्या त्या जमाखर्चात नव्हती, असं मानणं कठीण आहे. सुलतानानं दोघांनाही काढलं. हुस्रेवनं अन्न सोडून प्राण दिला. सुलेमान मालकाराला हद्दपार झाला आणि १५४७मध्ये तिथेच वारला. रिकामी गादी सुलतानाचा जावई रुस्तम पाशाला मिळाली, आणि दोघांना झुंजवण्यात त्याचाच हात होता असा संशय तेव्हापासून आहे. तो अगदीच निराधार वाटत नाही.

रूमी, म्हणजे तुर्की, तोफा आपल्याला अपरिचित नाहीत. विजापूरची मुलूखमैदान १५४९मध्ये अहमदनगरला ओतली, ती महंमद बिन हुसेन रूमीनं. सुलेमान पाशाची आठवण मात्र जुनागढला आहे. तिथल्या उपरकोट किल्ल्यावर त्याच्या आरमाराबरोबर आलेली ‘नीलम’ नावाची तोफ उघड्यावर ठेवली आहे. ती मिसरमध्ये १५३१च्या सुमारास महंमद बिन हमझानं ओतली. हिंदमध्ये घुसू पाहणाऱ्या पोर्तुगीजांविरुद्ध, असं तिच्यावर कोरलेलं आहे. म्हणजे बहादूरशहाच्या खुनाच्या आधी काही वर्षं. गिरनारला जाणारे मराठी यात्रेकरू वर्षभर त्या गावातून जातात. वाट फार वाकडी करावी लागत नाही. तोफेवरचा लेख एकदा जवळून पाहा.