एकशे वीस पानांचा हिशेब

परीक्षेच्या हॉलमध्ये न सुटलेली गणिते बाहेर आल्यावर सुटतात, हा आपणां सर्वांचाच अनुभव. माझे मात्र एक गणित सावंतवाडीच्या एका चिताऱ्याच्या ओटीवर बसून सुटले, आणि तेही अर्धेच. उरलेले अर्धे सुटले ते आजोबांनी एक डाव हरल्यावर. त्या गणिताची ही हकीगत.

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, गंजिफा खेळणाऱ्यांपैकी. आमच्या पिढीने गंजिफा पाहिल्या त्या काचेच्या चौकटीत, दिवाणखान्याच्या भिंतीवर. आजोबांनी त्या हातात धरल्या. त्यांच्याकडे दशावतारी गंजिफांचा एक जुना संच होता. गेल्या वर्षी मे महिन्यात माळ्यावरची लाकडी डबी उघडली, तेव्हा वाळवीने आपला डाव आधीच मांडून ठेवलेला दिसला. एकशे वीस पानांपैकी सतरा पाने गेली होती. आजोबा काही बोलले नाहीत. डबी बंद करून त्यांनी ती पुन्हा माळ्यावर ठेवायला सांगितली. त्यांना पंचाहत्तरावे वर्ष लागणार होते. आम्ही भावंडांनी ठरवले, की संच पुरा करून द्यायचा. मी कला शाखेची विद्यार्थिनी, शिवाय चार रेघा बऱ्या ओढते, म्हणून हे काम माझ्याकडे आले.

पुढे जाण्यापूर्वी खेळाची थोडी ओळख करून देणे भाग आहे. गंजिफा हा शब्द इराणकडून आला. बाबराने आपल्या आत्मवृत्तात १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद केली आहे. अकबराच्या दरबारातील गंजिफांचे वर्णन अबुल फजलच्या ‘आईन-ई-अकबरी’त सापडते. मोगल गंजिफात आठ गट, प्रत्येक गटात बारा पाने, अशी शहाण्णव पाने. ताज, शमशेर, गुलाम, चंग अशी त्या गटांची नावे. हाच खेळ आपल्याकडे रुळला तेव्हा त्याने आपला वेष बदलला. ताज आणि शमशेर यांच्या जागी विष्णूचे दहा अवतार आले. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध आणि कल्की. प्रत्येकाचा एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. दहा बारे एकशे वीस.

खेळायला तिघे बसतात, प्रत्येकाला चाळीस पाने. हुकूम नावाची भानगड नाही. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने उतरायचे, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने. पाच अवतारांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा आणि दश्शी सर्वांत लहान. कोणते पान पडून गेले आणि कोणते अजून हातात दबून आहे, हे ज्याच्या ध्यानात राहील तो जिंकणार. म्हणजे हा नशिबापेक्षा स्मरणशक्तीचा खेळ. आजोबांना सकाळी घेतलेली गोळी दुपारी आठवत नाही, पण वामनाची सत्ती कुणी टाकली ते आठवते!

सावंतवाडीत ही पाने बनवणारे चितारी पिढ्यान् पिढ्या आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यावर ही कला जवळजवळ बुडाली होती. राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी यांच्यासारख्या जाणत्या कारागिराच्या मदतीने ती राजवाड्यात पुन्हा उभी केली, हे सर्वश्रुत आहे. त्यामुळेच माझ्यासारखीला आज ‘संच करून द्या’ म्हणायला कुणीतरी उरले आहे.

मी ज्या चितारीकाकांकडे गेले त्यांच्यापुढे सतरा पानांची यादी ठेवली. त्यांनी ती वाचलीच नाही. आजोबांचे एक जुने पान हातात घेतले, उलटे केले आणि मला विचारले,

“पानां खेळूक व्हयी काय भितीर लावूक?”

“खेळायला,” मी म्हटले.

“मग सतरा करून जमणार नाही. एकशे वीसच करावी लागतील.”

मला वाटले, काकांना मोठी ऑर्डर हवी आहे. पण त्यांनी कारण सांगितले तेव्हा मी ओशाळले. पत्त्यांच्या खेळात पानाची पुढची बाजू महत्त्वाची असे आपण समजतो. खरे तर पाठही तितकीच महत्त्वाची. एकशे वीस पानांच्या पाठी अगदी एकसारख्या हव्यात. हाताने केलेल्या पानाची जाडी, लाखेच्या रोगणाची चमक, घोटण्याचा गुळगुळीतपणा हे सारे त्या त्या घाण्याचे असते. जुन्या पानांत नवी सतरा घातली, तर ती पाठीवरूनच ओळखू येणार. ज्याला पाठीवरून पान कळले त्याच्याशी कोण खेळणार? यावर त्यांनी एक युक्तीही सांगितली. संचाबरोबरच तीन कोरी पाने त्याच घाण्यातून काढून ठेवायची, पाठ रंगवलेली, पुढची बाजू मोकळी. उद्या एखादे पान हरवले तर त्यावर ते चित्र काढायचे.

मग आकाराचा प्रश्न आला. मला मोठी, चांगली चार इंच व्यासाची पाने हवी होती, म्हणजे राजांच्या अंबारीवरचे नक्षीकाम नीट दिसेल. काकांनी पुठ्ठ्याच्या गोल चकत्यांची एक चवड माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, “धर.” चकत्या चाळीस होत्या. एक पान एक मिलिमीटर जाडीचे धरले तरी चाळीस पाने म्हणजे चार सेंटिमीटरची चवड. ती एका हातात धरून पंख्यासारखी पसरायची. चार इंचांच्या चकत्या दोन मिनिटांत ओटीभर झाल्या. आम्ही अडीच इंचांवर आलो.

तिसरा प्रश्न खुणांचा. प्रत्येक अवताराची एक खूण असते. मत्स्याला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशू. आजोबांच्या संचात कृष्णाला गाय होती. मी गाय काढून नेली होती, डोळे, वशिंड, गळ्यातली घंटा यांसह. काकांनी कौतुक केले आणि हिशेब मांडला. एक ते दहा यांची बेरीज पंचावन्न. म्हणजे एका कृष्णासाठी पंचावन्न गाई, आणि दहा अवतारांच्या मिळून साडेपाचशे खुणा. शिवाय दहा राजे आणि दहा प्रधान. साडेपाचशे वेळा जी खूण काढायची ती चारपाच फटकाऱ्यांत उतरली पाहिजे, नाहीतर दहावी गाय पहिलीसारखी दिसणार नाही. दश्शीच्या पानात तर अडीच इंचांत दहा गाई दाटीवाटीने उभ्या राहायच्या. तेथे घंटा कोण पाहणार? जुन्या चिताऱ्यांच्या खुणा इतक्या साध्या का, याचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले. तो आळस नव्हता, हिशेब होता. पूर्वी गंजिफांत दरबारी कलम आणि बाजारी कलम असे दोन प्रकार मानत. दरबारी पानांना नक्षीदार काठ असे, बाजारी पानांना नसे. बाजारी म्हणजे हलके असा माझा समज होता, तो तेथेच गळून पडला.

पान कसे तयार होते तेही पाहिले. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, त्यावर खडूच्या पुडीचा लेप द्यायचा, वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घोटायचे, गोल कापायचे, मग जमिनीचा रंग, मग चित्र आणि शेवटी लाखेचे रोगण. आमच्या कोकणच्या पावसात खळ वाळता वाळत नाही. म्हणून काकांनी गणपतीनंतरचा वायदा केला.

आता माझ्या चुकीकडे येते. प्रत्येक अवताराच्या बाराही पानांची जमीन एकाच रंगाची असते. रंग निवडण्याचे काम मी हट्टाने स्वतःकडे ठेवले. कृष्णाला गडद निळा आणि वराहाला काळा. शेजारी शेजारी ठेवले की फार शोभत. काकांनी नमुन्याची दोन पाने माझ्यापुढे ठेवून म्हटले, “घरी ने, रात्री दिव्याखाली बघ, मग सांग.” मी दुपारच्या उन्हातच मोबाईलवर फोटो काढला, भावाला पाठवला आणि तिथल्या तिथे होकार दिला.

संच तुळशीच्या लग्नाच्या सुमारास हाती आला. घरात जो तो पाने हातात घेऊन पाहत होता. संध्याकाळी आजोबांचे दोन मित्र आले. कितीतरी वर्षांनी पाने पिसली गेली, वाटली गेली. मी चहा घेऊन गेले तेव्हा आजोबा दोन पाने डोळ्यांजवळ नेऊन पाहत होते. थोड्या वेळाने त्यांनी वराहाचे समजून कृष्णाचे पान टाकले. पान मोठे होते, ते फुकट गेले. एकदा, मग पुन्हा एकदा. मित्रांनी पाहून न पाहिल्यासारखे केले. डाव आजोबा हरले. पाने डबीत ठेवताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“पानां बरी असत गो,” ते म्हणाले, “पण माका दिसनत नाय.”

रात्री मी दिव्याखाली चाळीस पाने हातात पसरून बसले, जे सहा महिन्यांपूर्वी करायला हवे होते. आपल्या नेहमीच्या पत्त्यांना कोपरे असतात, कोपऱ्यात आकडा आणि खूण असते. गोल पानाला कोपराच नाही. हातातल्या पंख्यात प्रत्येक पानाची चंद्रकोरीएवढीच कड दिसते. गाय दिसत नाही, शंख दिसत नाही. दिसतो फक्त जमिनीचा रंग. म्हणजे तो रंग शोभेसाठी नसून तीच पानाची वाचा आहे. आणि पिवळ्या दिव्यात, पंचाहत्तरीच्या डोळ्यांना, माझा निळा आणि माझा काळा एकच होता.

दुसऱ्या दिवशी मी वराहाची बारा पाने घेऊन काकांकडे गेले. मी न सांगताच त्यांना कळले. ते रागावले नाहीत. पाने पुन्हा करायची तर घाणा बदलणार आणि पाठ निराळी होणार. त्यांनी बाराही पानांच्या पुढच्या बाजूला, अगदी कडेने, पिवळ्या रंगाचा बोटभरही नाही असा बारीक काठ ओढला आणि वर रोगणाचा एक हात दिला. दरबारी कलमातला शोभेचा काठ अशा रीतीने आमच्या बाजारी संचात कामाला लागला.

कुणा वाचकाला असा संच करवून घ्यायचा असेल, तर माझे एवढेच सांगणे, की आकार चाळीस पाने हातात धरून ठरवा, रंग दिव्याखाली ठरवा, कोरी पाने मागून घ्या, आणि ज्याला खेळायचे आहे त्याला आधी विचारा. मी आजोबांना चकित करण्याच्या नादात हे शेवटचे विसरले होते.

या पावसाळ्यात आजोबांच्या एका मित्राला मुलाने मुंबईला नेले. दोघांत हा खेळ होत नाही. त्यामुळे तिसऱ्या जागेवर हल्ली मी बसते. पिवळा काठ मला दुरूनही ओळखू येतो. पण कोणत्या पाच अवतारांत एक्का मोठा, हे अजून ऐन वेळी आठवत नाही. आजोबा थांबून राहतात, आठवू देतात, आणि मग हात उचलून नेतात.