जुन्या पोकलेनच्या एंजिनातील बिघाडाची परीक्षा

शेततळ्याचे खोदकाम पावसापूर्वी पुरे व्हावयास हवे. अशा वेळी बकेट मातीत शिरताच जुन्या पोकलेनचे एंजिन दबू लागले, तर ते खोलण्याची घाई करू नये. त्यात पैसा व हंगाम दोन्ही वाया जातात.

प्रथम धूर पाहावा. काळा धूर बहुधा हवेची कमतरता दर्शवितो. हवेची गाळणी तपासावी. निळा धूर ही वंगण तेल जळत असल्याची खूण होय. एंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिल्यास डिझेल नीट जळत नाही किंवा सिलिंडरमध्ये पाणी शिरत आहे, असे समजावे. धूर न वाढता ताकद घटल्यास डिझेल अपुरे पोहोचत असण्याचा संभव असतो. टाकीच्या झाकणाचे छिद्र, डिझेलच्या गाळणीतील पाणी व कचरा आणि नळ्यांचे सैल जोड क्रमाने पाहावेत.

हे सर्व ठीक असूनही एंजिन केवळ भार येताच दबत असेल, तर हायड्रॉलिक पंप जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावा.

तपासणीपूर्वी बकेट जमिनीवर टेकवून एंजिन बंद करावे. दाबाच्या नळीची गळती हाताने कधीही चाचपू नये; तेलाची बारीक धार कातडीत शिरते. ग्रामसेवकांनी ही दक्षता शेतकरी बंधूंना अवश्य समजावून द्यावी.