स्कॅन नॉर्मल, तरी फळा का नकोसा?

धुळ्यातून मुंबई-आग्रा महामार्ग जातो आणि तिथून जळगावकडे जाणारा रस्ताही तितकाच वाहता आहे. अशा रस्त्यांवर दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेल्या मुलाचा सीटी स्कॅन नॉर्मल आला की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि सोमवारी दप्तर पाठीवर चढतं. पण स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा मोडलेलं हाड दिसतं. मेंदूच्या पेशींची बिघडलेली ऊर्जाव्यवस्था दिसत नाही. धक्क्यानंतर पेशींना क्षारांचा तोल सावरायला जास्त साखर लागते, नेमका तेव्हाच रक्तपुरवठा कमी झालेला असतो. म्हणून डोकं दुखतं, उजेड सहन होत नाही, वाचलेलं लक्षात राहत नाही.

मग महिनाभर अंधाऱ्या खोलीत निजवावं का? तेही नको. अमेरिकेत 2015 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 11 ते 22 वर्षांच्या रुग्णांपैकी पाच दिवस कडक विश्रांती घेतलेल्यांनी, एकदोन दिवसच थांबलेल्यांपेक्षा जास्त त्रास नोंदवला. साधारण 24 ते 48 तास हलकी विश्रांती, मग अर्धा दिवस शाळा, मध्ये थोडा विसावा, गृहपाठ कमी, चाचणी पुढे, हा क्रम बरा. खेळ मात्र डॉक्टरांनी सांगितल्यावरच. ‘साठ मुलांच्या वर्गात एकाकडे कोण बघणार?’ हा शिक्षकांचा प्रश्न खरा आहे, पण या सवलतींना पैसा लागत नाही. मूल ढोंग करेल ही भीती मला पटत नाही. सवलत काही आठवड्यांचीच असते. उलट्या, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी दिसली, तर मात्र तडक रुग्णालय गाठावं.