शीर सापडत नाही तेव्हा

2017च्या फवारणीच्या हंगामात यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात विषबाधा झालेले शेतकरी आणि शेतमजूर शेकड्यांनी आले. जिल्ह्यात वीसहून अधिक दगावले. ऑर्गनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या विषबाधेत अॅट्रोपिन हा उतारा शिरेतून द्यावा लागतो, तेही सुरुवातीला दर काही मिनिटांनी. रुग्ण मात्र घामाने निथळत असतो. चिकटपट्टी कातडीला धरत नाही आणि त्याने हात झाडला की बसलेली सुईही निसटते.

याच जिल्ह्यातल्या सिकलसेलच्या रुग्णांची अडचण वेगळी. लहानपणापासून सलाईन आणि रक्त घेऊन घेऊन त्यांच्या वरवरच्या शिरा निकामी झालेल्या असतात.

अशा वेळी शिरेत घालायची नळी जितकी लांब तितकी चांगली, असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाही. नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो. त्रिज्या दुप्पट केली की प्रवाह सोळापट होतो. लांबी वाढली की तो घटतो. म्हणून रक्तस्रावात हातावर बसवायची हिरव्या रंगाची रुंद, आखूड नळी (इंट्राकॅथ) दंडातून हृदयाजवळ नेलेल्या लांब, बारीक ‘पिक’ नळीपेक्षा सरस ठरते. ‘पिक’ कामाची ती आठवडे-महिने चालणाऱ्या उपचाराला, किंवा शीर जाळणाऱ्या औषधांना. सिकलसेलमध्ये तीही जपूनच, कारण नळीभोवती गुठळी होण्याचा धोका या रुग्णांना जास्त.

मधला मार्ग मिडलाइनचा. सोनोग्राफीत बघून दंडातली खोल शीर गाठायची, नळीचं टोक काखेच्या अलीकडेच ठेवायचं. दोन-तीन आठवडे निभतात. पण गर्भलिंगनिदानबंदी कायद्यामुळे सोनोग्राफीच्या प्रत्येक यंत्राची नोंदणी लागते, ते नोंदणी झालेल्या जागेबाहेर सहज नेता येत नाही. कायदा हवाच, शिरा शोधण्यापुरती वाट मात्र सोपी व्हायला हवी.

जिवावरच बेतलं असेल आणि शीर मिळत नसेल, तर गुडघ्याखाली नडगीच्या हाडात सुई घालतात. मज्जेतून औषध लगेच रक्तात उतरतं. ही सोय मात्र जेमतेम एका दिवसाची.

एकाने दोनदा टोचूनही शीर मिळाली नाही, तर अधिक सरावलेल्या हाताला बोलवावं. नातेवाइकांनीही भरती होतानाच सांगावं, मागच्या खेपेला शीर कुठे मिळाली होती. आणि मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर मनगटापासून दंडापर्यंतच्या शिरा राखा, डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडून करायचा फिस्टुला तिथेच करतात. सलाईन पंजाच्या मागच्या बाजूला लावायला सांगा.